शेजार पारखून घर घेणाऱ्यांना

नेदरलँड्समध्ये घर घ्यायला निघालेल्या मराठी कुटुंबाचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. स्टेशन किती लांब, एनर्जी लेबल काय, इमारतीचा पाया लाकडी खांबांवर आहे की काँक्रीटच्या, दोघांच्या पगारावर बँक किती कर्ज देईल, मागितलेल्या किमतीच्या वर किती बोली लावावी. हे सगळं मोठ्या आवाजात विचारलं जातं. एक प्रश्न मात्र आवाज उतरवून येतो: ‘तिकडची वस्ती कशी आहे?’ त्यात कचरा, रात्रीचा गोंगाट किंवा चोऱ्या यांविषयी विचारायचं असेल तर गैर काही नाही. पण बहुतेक वेळा विचारायचं असतं ते इतकंच, की तिथे मोरोक्कन, तुर्की, सुरिनामी लोक किती आहेत. उत्तर ‘बरेच’ असं आलं की घर यादीतून जातं, मग ते उजेडाचं असो, ऐसपैस असो, आवाक्यातलं असो.

मुंबईत एखाद्याला तो मासे-मटण खातो म्हणून, किंवा नुसता मराठी आहे म्हणून, जागा नाकारल्याची बातमी आली की आपलं रक्त खवळतं. खवळायलाच हवं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवायला मान्यता दिली, तेव्हापासून कितीतरी सोसायट्यांना आपली बंद दारं कायदेशीर वाटू लागली आहेत. त्याच शहरांत मुसलमान आणि दलित भाडेकरूंना दार लावणाऱ्यांत आपलीही माणसं आहेत, हेही आपल्याला ठाऊक आहे. मग सातासमुद्रापार येऊन, जिथे राज्यघटनेचं पहिलंच कलम भेदभावाला मनाई करतं आणि त्या कलमाच्या आधाराने आपण बिनधास्त कुठेही बोली लावू शकतो, तिथे शेजाऱ्याचं आडनाव पारखून घर ठरवणं मला सहन होत नाही. मी रॉटरडॅमच्या दक्षिण भागात घर घेऊन राहतो. इथे राहून माझं मत पक्कं झालं आहे: ज्यांना निवड आहे त्यांनी मिश्र वस्तीत घर घ्यावं, आणि घेतल्यावर तिथलं भाडेकरूंचं घर टिकावं म्हणून बोलावं. यातली दुसरी गोष्ट केली नाही तर पहिलीला फारसा अर्थ नाही.

डच मिश्र वस्ती ही आपोआप झालेली गोष्ट नाही. १९०१ च्या गृहनिर्माण कायद्याने सरकारी मदतीवर चालणाऱ्या ना-नफा गृहसंस्थांना पाया मिळाला. आज या संस्थांकडे देशातली सुमारे तेवीस लाख घरं आहेत, म्हणजे एकूण घरांच्या चौथ्या हिश्श्याहूनही जास्त. त्यातल्या बहुसंख्य घरांचं भाडं कायद्याने बांधलेलं असतं. २०२५ मध्ये नव्या भाडेकरारासाठी ही मर्यादा महिना ९०० युरोच्या आसपास होती. बाकीच्यांत सगळ्यात मोठा वाटा मालकीच्या घरांचा, आणि उरलेली खाजगी भाड्याची. हे तिन्ही प्रकार एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच जिन्यावर यावेत असं नियोजन गेली कित्येक दशकं होत आलं आहे. नव्वदच्या दशकात शहरांबाहेर जी मोठी नवी उपनगरं आखली गेली, उट्रेख्टचं लाइड्से राइन किंवा आम्स्टरडॅमचं आयबुर्ख, त्यांतही स्वस्त भाड्याच्या घरांचा ठरावीक वाटा धरलेला होता. आम्स्टरडॅमने २०१७ मध्ये नव्या बांधकामासाठी ४०-४०-२० असं प्रमाण ठरवलं: चाळीस टक्के स्वस्त भाड्याची, चाळीस टक्के मध्यम किमतीची, वीस टक्के महाग. त्यामुळे चिपच्या कारखान्यातली इंजिनिअर, ट्रामचालक, निवृत्त गोदी कामगार आणि एकट्याने मुलं वाढवणारी बाई हे एकाच दारातून आत-बाहेर करतात. पुण्यात किंवा ठाण्यात आज उभ्या राहणाऱ्या कुंपणबंद संकुलांत असं होणं अशक्य आहे. तिथे या माणसांची गाठ पडते ती एकाने दुसऱ्याकडे कामाला यावं तेव्हा.

मिश्र वस्ती ‘बिघडते’ कशी, हे पाहायचं असेल तर आम्स्टरडॅमच्या आग्नेयेकडच्या बाइल्मरमेरचा इतिहास समजून घ्यावा. १९६६ मध्ये तिथे बांधकाम सुरू झालं. दहा-अकरा मजली लांबलचक इमारती, मध्ये प्रचंड हिरवळ, गाड्या वरच्या रस्त्यावरून, माणसं खालून. जुन्या शहरातल्या अंधाऱ्या, कोंदट घरांतून मध्यमवर्गीय कुटुंबांनी इथे यावं असा बेत होता. पण त्याच काळात आसपासच्या छोट्या गावांत बागेसकट बैठी घरं उभी राहू लागली आणि ज्यांना निवड होती ते तिकडे गेले. बाइल्मरचे फ्लॅट रिकामे राहिले. २५ नोव्हेंबर १९७५ ला सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत स्वतंत्र झाली. त्याच्या आगेमागे हजारो सुरिनामी लोक डच नागरिक म्हणून इथे आले. त्यांना इतरत्र घर मिळणं कठीण होतं. बाइल्मरमध्येही रिकामे फ्लॅट असताना ते सहजासहजी मिळेनात, तेव्हा १९७४ मध्ये ख्लिपहूव्हे नावाच्या इमारतीत सुरिनामी कुटुंबांनी सरळ मुक्काम ठोकला. पुढे देखभाल कमी, बेकारी जास्त, अमली पदार्थांचा व्यापार, आणि देशभर बदनामी. ४ ऑक्टोबर १९९२ च्या संध्याकाळी एल अलचं मालवाहू विमान तिथल्या दोन इमारतींवर कोसळलं आणि त्रेचाळीस माणसं गेली.

त्या काळात ‘सुरिनामी आले आणि बाइल्मर गेलं’ असं सर्रास बोललं जाई. घटनांचा क्रम मात्र उलटा आहे. आधी निवड असलेले लोक गेले, मग निवड नसलेले आले, आणि मग पैसा, देखभाल, लक्ष सगळं आटलं. वस्तीचं भवितव्य ज्यांच्या हातात होतं त्यांनी पाठ फिरवली होती. सुधारणाही त्याच वाटेने झाली. नव्वदच्या दशकापासून बऱ्याचशा उंच इमारती पाडून तिथे कमी उंचीची, काही मालकीची, काही भाड्याची घरं बांधली गेली. क्लाइबुर्ख ही जवळपास पाचशे फ्लॅटची प्रचंड इमारत तेवढी जुन्या रूपात उरली होती. तीही पाडायचं घाटत होतं. शेवटी एका गटाने ती एक युरोला विकत घेतली, सांगाडा आणि सामाईक भाग दुरुस्त केले आणि फ्लॅट कच्च्या अवस्थेत स्वस्तात विकले; आतल्या भिंती, स्वयंपाकघर, न्हाणीघर घेणाऱ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करायचं. २०१७ मध्ये या कामाला युरोपातला मीस व्हान डेर रोए वास्तुकला पुरस्कार मिळाला. ज्या इमारतीला राहण्याच्या लायकीची नाही म्हणून मोडीत काढलं होतं, तिथे लोकांनी आपली बचत घातली. इमारत तीच होती, आजूबाजूची माणसंही बरीचशी तीच होती.

हे सांगताना मी शेजारातल्या अडचणी नाकारत नाही. जुन्या वस्त्यांमध्ये त्या आहेत, आणि त्यांची कारणं शोधली तर ती कुणाच्या धर्मात किंवा देशात सापडत नाहीत, सरकारी निर्णयांत सापडतात. २०१३ पासून २०२२ पर्यंत गृहसंस्थांवर सरकारने एक वेगळा कर लावला होता. तो भरण्यासाठी संस्थांना घरं विकावी लागली, नवी बांधकामं आखडती घ्यावी लागली. २०१६ पासून असा नियम आला की सरकारी भाडेमदतीला पात्र असलेल्या कुटुंबांपैकी किमान ९५ टक्क्यांना संस्थांनी एका मर्यादेखालच्या भाड्याचंच घर द्यायचं. हेतू चांगला, गरिबाला न झेपणारं भाडं पडू नये. परिणाम असा की सर्वात स्वस्त घरं ज्या जुन्या वस्त्यांत होती तिथे सर्वात गरीब कुटुंबं एकवटली. त्याच सुमाराला मानसिक आजाराच्या रुग्णांना संस्थांमध्ये ठेवण्याऐवजी शक्यतो स्वतंत्र घरात राहू द्यायचं धोरण आलं, आणि ती घरंही याच गल्ल्यांमध्ये होती. पूर्वी शिक्षक, पोलीस, नर्सही गृहसंस्थेच्या घरात राहत. आता मध्यम पगारदाराला तिथे दारच उघडत नाही, आणि पात्र असलेल्यालाही आम्स्टरडॅममध्ये दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. एवढं सगळं एका जिन्यावर लादायचं आणि तो जिना कुरकुरला की तिथल्या माणसांच्या जातकुळीकडे बोट दाखवायचं, हा अन्याय आहे.

रॉटरडॅमने यावर जे उत्तर काढलं ते मला अधिकच अस्वस्थ करतं. २००६ पासून लागू असलेल्या एका खास कायद्याने, लोक त्याला ‘रॉटरडॅम कायदा’च म्हणतात, ठरावीक वस्त्यांत भाड्याने राहायला परवाना लागतो. जो या शहर-परिसरात सहा वर्षं राहिलेला नाही आणि ज्याचं उत्पन्न नोकरी-धंद्यातून येत नाही, त्याला तो नाकारता येतो. दक्षिण रॉटरडॅममधल्या टारवेवाइक, कार्निसे, ब्लूमहोफ अशा वस्त्यांना तो लागू झाला. टारवेवाइकमध्येच राहणाऱ्या, दोन मुलांच्या एका आईला त्याच वस्तीतल्या दुसऱ्या घरात जायला परवाना मिळाला नाही. प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये मोठ्या खंडपीठाने बहुमताने डच सरकारच्या बाजूने निकाल दिला. त्या वेळी त्याच वस्तीत घर विकत घेणाऱ्याला कुणी काही विचारत नव्हतं. शहरात कालच उतरला असला तरी चाललं असतं. कर्ज मंजूर आहे ना, नोटरीकडे सही करा, झालात रहिवासी. मिश्रण साधायचं म्हणून गरिबाच्या वाटेत परवाना ठेवला आणि पैसेवाल्याच्या वाटेत काहीच ठेवलं नाही.

दक्षिण रॉटरडॅममध्येच, अफ्रिकांडरवाइकमधल्या ट्वेबॉसबुर्ट या वस्तीचंही तसंच. तिथली पाचशेहून जास्त स्वस्त भाड्याची घरं पाडून त्या जागी मालकीची, महाग भाड्याची आणि थोडीच स्वस्त घरं बांधायचं ठरलं. कारण दिलं गेलं ते वस्ती मिश्र करण्याचं. रहिवासी कोर्टात गेले, मोर्चे निघाले, २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनीही डच सरकारकडे चिंता व्यक्त केली. पाडकाम झालंच. मला विचाराल तर याला मिश्रण म्हणू नये. ज्यांच्यामुळे ती वस्ती मिश्र होती त्यांनाच उठवलं. आणि मिश्रणाची एवढी ओढ असेल तर ती वासेनार आणि ब्लूमेंडालसारख्या श्रीमंत गावांतही दिसायला हवी. तिथे गरिबांसाठी घरं बांधायचा विषय निघाला की झाडं, निसर्ग, पार्किंग सगळं आडवं येतं. प्रत्येक नगरपालिकेत स्वस्त भाड्याची घरं तीस टक्क्यांपर्यंत न्यायचं उद्दिष्ट तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री ह्यूगो द यॉंग यांनी २०२२ मध्ये मांडलं, ते मला पूर्ण पटतं.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आमच्यासारख्या दुहेरी पगाराच्या, परदेशातून बोलावून आणलेल्या आणि सुरुवातीची पाच वर्षं करसवलत घेणाऱ्या कुटुंबांनी अशा वस्तीत शिरणं म्हणजेच तिथल्या किमती वाढवणं नाही का? अंशतः हो. आइंडहोवेन परिसरात चिप उद्योगामुळे आलेल्या माणसांच्या बोलींपुढे स्थानिक तरुण मागे पडतात, हे उघड दिसतं. २०२४ मध्ये जुन्या घरांची देशातली सरासरी विक्री किंमत साडेचार लाख युरोपर्यंत पोचली होती आणि घरांची तूट चार लाखांच्या घरात होती. अशा बाजारात आपण जिथे जाऊ तिथे किंमत चढवणारच, मग ती आम्स्टरडॅमशेजारच्या आम्स्टेलवेनमध्ये असो की दक्षिण रॉटरडॅममध्ये. आपण घेतलेलं घर कुणाचं होतं, एवढं तरी पाहावं. जुलै २०२४ मध्ये मध्यम भाड्यांवरही मर्यादा घालणारा कायदा आल्यापासून अनेक खाजगी घरमालक भाडेकरू निघाला की फ्लॅट विकायला काढतात. पहिलं घर घेणाऱ्या तरुणांसाठी ही संधी झाली, आणि तितकंच भाड्याचं एक घर कमी झालं. असं घर घ्यायला माझी हरकत नाही, पण त्यात स्वतः राहावं. दोन वर्षांनी बदली झाली की ते कंपनीच्या पाहुण्यांना चढ्या भाड्याने देऊन टाकायचं, हे करू नये. २०२२ पासून नगरपालिकांना ठरावीक वस्त्यांत, ठरावीक किमतीखालचं घर विकत घेऊन लगेच भाड्याने द्यायला बंदी करता येते, आणि रॉटरडॅम-आम्स्टरडॅमने ती लावलीही आहे. आपल्या काही मंडळींना हा नियम अन्यायकारक वाटतो. मला तो कायद्याने घेतलेला सर्वात न्याय्य निर्णय वाटतो, कारण इतकी वर्षं गरीब भाडेकरूला विचारलेला प्रश्न पहिल्यांदाच खरेदीदाराला विचारला गेला.

व्यवहाराचंही थोडं बोलतो, कारण भीती पुष्कळदा तिथूनच येते. ज्या इमारतीतले काही फ्लॅट गृहसंस्थेने विकलेत आणि काही तिच्याकडेच आहेत, तिथल्या मालकांच्या संघटनेत अनेकदा संस्थेची मतं जास्त असतात. खरेदीदार याला बिचकतात. मी उलट म्हणेन, दहा मालकांच्या ज्या इमारतीत छप्पर गळलं तरी वर्षभर एकमत होत नाही, त्यापेक्षा दुरुस्तीचं वेळापत्रक आखून चालणारी संस्था सोबत असणं बरं. २०१८ पासून संघटनेने दरवर्षी दुरुस्तीसाठी किमान रक्कम बाजूला ठेवणं बंधनकारक आहे. ती शिल्लक, पायाचा अहवाल आणि बांधकामाची तपासणी हे तिन्ही पाहिल्याशिवाय सही करू नये. सही झाल्यावर विचार बदलायला तीनच दिवस मिळतात. पोलिसांकडे नोंदलेल्या गुन्ह्यांचे वस्तीवार आकडे कुणालाही पाहता येतात, तेही पाहावेत. रात्री दहाला त्या रस्त्यावरून चालावं. शेजारच्या दाराची घंटा वाजवून विचारावं. एवढं केल्यावर जे कळतं त्यावर निर्णय घ्या, मग तो नकाराचा असला तरी माझं काही म्हणणं नाही. दारावरच्या नावांच्या पाट्या वाचून घेतलेल्या निर्णयाबद्दल माझं म्हणणं आहे.

आता शाळेचं, कारण मिश्र वस्तीची खरी परीक्षा घराच्या खरेदीत नसते, तिथे असते. डच राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमामुळे १९१७ पासून सरकारी आणि धार्मिक-वैचारिक संस्थांच्या शाळांना सारखाच सरकारी पैसा मिळतो आणि पालकांना शाळा निवडायची मोकळीक आहे. मोठी गोष्ट आहे ती. पण तिचा एक परिणाम असा की गल्ली मिश्र असली तरी सकाळी साडेआठला मुलं वेगवेगळ्या दिशांना जातात. डच भाषेत ‘पांढरी शाळा’ आणि ‘काळी शाळा’, म्हणजे गोऱ्या डच मुलांची आणि स्थलांतरितांच्या मुलांची, हे शब्द सहज वापरले जातात. चार रस्ते ओलांडून कार्गो सायकलमध्ये मुलांना बसवून लांबच्या ‘चांगल्या’ शाळेत नेणारे पालक गोरेच असतात असं नाही, त्यांत आपणही असतो. ज्या शाळेत शैक्षणिकदृष्ट्या मागे पडण्याचा धोका असलेली मुलं जास्त, तिला सरकार जास्त निधी देतं, तिथले शिक्षक भाषेवर जास्त मेहनत घेतात. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते त्याला याचा फायदाच होतो. काही शहरांत एकाच वस्तीतल्या पालकांनी ठरवून, दहा-बारा कुटुंबांनी मिळून, जवळच्याच शाळेत मुलं घातली आणि शाळेचा चेहरा बदलला. मराठी मंडळांच्या गणेशोत्सवाला आपण शंभर कुटुंबं गोळा करतो. त्यातली एका वस्तीतली पाच कुटुंबं मिळून अशा शाळेत जाऊन भेटायला काहीच अवघड नाही.

घर म्हणजे आयुष्याची पुंजी, तिथे प्रयोग कशाला, असंही म्हटलं जातं. २००८ ते २०१३ या मंदीत डच घरांच्या किमती देशभरात सुमारे वीस टक्क्यांनी उतरल्या तेव्हा ‘चांगल्या’ वस्त्याही वाचल्या नाहीत. शेजाऱ्याच्या धर्मात गुंतवणुकीची हमी शोधणाऱ्याला ती कुठेच सापडणार नाही.

द हेगच्या ट्रान्सव्हाल आणि स्किल्डर्सवाइकच्या मध्ये युरोपातल्या सर्वात मोठ्या खुल्या बाजारांपैकी एक भरतो. कोथिंबीर, भेंडी, कारली, कढीपत्ता घ्यायला आसपासची मराठी कुटुंबं शनिवारी तिथे जातात. जवळच्या पॉल क्रूगरलानवर साड्यांची आणि सोन्याची दुकानं आहेत, ती बरीचशी सुरिनामी हिंदुस्तानी लोकांची. ५ जून १८७३ ला ‘लाला रूख’ जहाज कलकत्त्याहून गिरमिटियांना, म्हणजे कराराने बांधलेल्या मजुरांना, घेऊन सुरिनामला पोचलं. १९१६ पर्यंत चौतीस हजारांहून जास्त माणसं अशी नेली गेली, मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधून. त्यांची पणतवंडं दोन खंड ओलांडून या गल्ल्यांत स्थिरावली आणि होळी, दिवाळी, हनुमान चालिसा सोबत घेऊन आली. आपण त्यांच्याकडून भाजी घेतो, पूजेचं सामान घेतो, आणि घर घ्यायची वेळ आली की त्याच वस्तीला ‘नको, तिकडे सगळे सुरिनामी’ म्हणतो. बाजार चालतो आणि शेजार चालत नाही, असं करणं हा त्या माणसांचा अपमान आहे. त्यांच्या पणजोबांनी कराराच्या कागदावर अंगठा केला तेव्हा त्यांना कुठलीच निवड नव्हती. आपल्याला आहे.

आणखी एक हक्क आपण वापरत नाही. डच नागरिक नसलेल्यालाही, सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की, नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं. ही सोय १९८६ च्या निवडणुकांपासून आहे. वस्तीत किती स्वस्त भाड्याची घरं राहतील, कुठल्या गल्लीवर बुलडोझर फिरेल, विकलेलं घर भाड्याने द्यायला बंदी असेल की नाही, यांवर नगरपालिकेचं मोठं वजन असतं. घर घेतलेली मराठी माणसं पाच वर्षं सहज ओलांडतात, मतदानाची चिठ्ठी टपालाने घरी येते, आणि ती बहुधा न उघडता जुन्या कागदांत जाते. पुढच्या वेळी ती उघडावी. आपल्या वस्तीतल्या गृहसंस्थेची घरं विकायला कोण निघालंय आणि ती राखायला कोण उभं आहे हे पक्षांच्या जाहीरनाम्यांत वाचावं, आणि जो ती राखतो त्याला मत द्यावं, मग त्याने आपल्या फ्लॅटची किंमत थोडी कमी वाढली तरी चालेल.